थंडा प्लग

नोमान मिस्त्रीच्या तोंडात आजारपणानंतर एकच शब्द उरला होता. नक्को.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची पाळी आली, आणि बोलायला तोंड उघडलं की मनात काहीही असो, बाहेर पडायचं ते 'नक्को'च. चहा हवा असला तरी नक्को, नको असला तरी नक्को. झोप आली, नक्को. लेक आयेशा कॉलेजातून घरी आली, तिला बघून डोळे भरून आले, तरी नक्को. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, सगळं कळतंय, फक्त शब्द हाताशी लागत नाहीत. फरजानाला ते पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि दिवसातून शंभर वेळा तोच शब्द कानावर पडणं वेगळं. हळूहळू तिचा कान त्या शब्दाला निबर झाला.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला नोमानचं गॅरेज होतं. तो आजारी पडल्यावर चार महिने शटर खाली होतं. पाचव्या महिन्यात फरजानानं ते वर ओढलं. आधी नुसते पार्ट विकले. मग कुणी म्हणालं, भाभी, ऑइल तेवढं बदलून द्या, आणि तिनं दिलं. वीस वर्षं नवऱ्याच्या हातात पाने देता देता तिला पुष्कळ कळलं होतं. ऑइल, फिल्टर, ब्रेक, प्लग एवढं ती करायची. इंजिन खोलायचं काम आलं की अंबडच्या राधेश्याम मिस्त्रीला फोन लावायची. सुरुवातीला लोक हसले. नंतर तिचा हात साफ आहे असं त्यांनीच एकमेकांना सांगितलं. नोमान दिवसभर खुर्चीत बसून बघत राहायचा.

त्या सोमवारी दहाच्या सुमाराला सुग्रीव आला. धनगरवाड्यावरच्या धुळाजीचा हा थोरला. बापानं निम्मी मेंढरं विकून त्याला गाडी घेऊन दिली होती. जुनीच, पण टर्बो पेट्रोलची. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीला साहेब लोकांच्या फिरतीसाठी गाडी पाहिजे होती. आज दुपारी तीन वाजता कंपनीचा माणूस सुग्रीवची गाडी तपासणार होता, चालवून बघणार होता.

"भाभी, गाडी वेग घेताना झटके खाऊन राह्यली," सुग्रीव म्हणाला. "हळू चालवली तर बराबर चालती. दाबली की अडखळती. आजच्या आज नीट झाली पायजे."

"दाबल्यावरच ना? मंग प्लग असतील," फरजाना म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिनं बॉनेट उघडलं, हवेच्या पाइपानं प्लगच्या खड्ड्यांतली धूळ उडवली, ठिणगी देणाऱ्या तिन्ही कॉइल काढल्या आणि तिन्ही प्लग बाहेर घेतले. टोकं झिजून बोथट झाली होती. फट इतकी वाढली होती की ठिणगीला ती ओलांडता येईना.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक झाली ती पुढं, आणि अगदी एवढ्याशा गोष्टीत झाली.

त्या गाडीला दोन इंजिनं येतात. एक साधं, एक टर्बोचं. दोन्ही तीन सिलिंडरची. दोन्हीच्या प्लगचे आटे सारखे, लांबी सारखी, कुठलाही प्लग कुठल्याही इंजिनात गुमान बसतो. फरक असतो तो तापायचा. टर्बो हवा कोंबून कोंबून आत भरतो, म्हणून आत आग जास्त. त्याला प्लग लागतो तो आपली उष्णता पटकन सोडून देणारा. मिस्त्री लोक त्याला थंडा प्लग म्हणतात. शिवाय त्याची फटही बारीक ठेवावी लागते, नाहीतर कोंबलेल्या हवेत ठिणगी विझते. साध्या इंजिनाचा गरम प्लग टर्बोत घातला तर जागच्या जागी गाडी छान चालते. रस्त्यावर ताणली की प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं, पेट्रोल वेळेआधीच पेट घेतं आणि त्याचा मार पिस्टनवर बसतो.

हे फरजानाला ठाऊक नव्हतं असं नाही. नोमाननंच तिला शिकवलं होतं. पण ती नंबरांचं पुस्तक उघडून उभी राहिली तेव्हा गल्ल्याशी एक ट्रकवाला पट्टा मागत होता, सुग्रीव "जल्दी करा भाभी" म्हणत होता, आणि गाडीच्या नावाखाली दोन ओळी होत्या. तिचं बोट वरच्या, साध्या इंजिनाच्या ओळीवर पडलं. तिनं फळीवरून पिवळी खोकी काढली.

खुर्चीतून नोमान ओरडला, "नक्को!"

फरजानानं लक्ष दिलं नाही. ती खोकी फोडू लागली.

"नक्को! नक्को!" नोमाननं डाव्या हातातली काठी पत्र्यावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. ट्रकवाला वळून बघायला लागला.

"क्या नक्को? चाय नक्को? पानी नक्को?" फरजानाचा पारा चढला. "जरा चुप बैठो ना जी! गिऱ्हाइकां के सामने तमाशा मत करो."

नोमानची काठी थांबली. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग मान वळवली आणि हायवेकडे बघत बसला.

फरजानानं प्लग मात्र मन लावून बसवले. आधी रबरी नळीच्या टोकात धरून हातानंच आटे लावले, मग पान्यानं मोजका जोर देऊन आवळले. कॉइल बसवल्या. सुग्रीवनं गाडी चालू केली. इंजिन इतकं मऊ चाललं की सुग्रीवचा चेहरा उजळला. "मानलं भाभी," म्हणाला, आणि बापाला घ्यायला वाड्याकडे गेला.

एक वाजून गेल्यावर फरजाना नोमानला जेवण घेऊन आली. तो भाकरीला हात लावेना. त्याच्या मांडीवर काढलेला जुना प्लग होता आणि शेजारी एक रिकामं पिवळं खोकं. बसल्या जागेवरून काठीनं ओढून ओढून त्यानं ते गोळा केलं असावं. त्यानं प्लग तिच्यापुढं धरला. कोरलेल्या नंबरावरची काजळी त्यानं अंगठ्यानं पुसून काढली होती. शेवटचा आकडा आठ. मग त्यानं खोकं धरलं. शेवटचा आकडा सहा. आकडा मोठा तितका प्लग थंडा.

फरजानानं ताट तिथंच खाली ठेवलं.

तिनं सुग्रीवला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा धुळाजीनं उचलला.

"कोण बोलून राह्यलं?"

"मामा, मी गॅरेजवाली फरजाना. कुठं आलात तुम्ही?"

"अंबड गेलं की आत्ताच. पर गाडी लई ठणठण करून राह्यली बाई. आन स्टेरिंगम्होरची ती पिवळी बत्ती सारखी लुकलुक करती. पोरगं म्हणतंय, पेट्रोलात घाण आली, ताणून नेतो."

"ताणू नका! गाडी थांबवा मामा, बाजूला घ्या, बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

मागून सुग्रीवचा आवाज आला, मग फोन त्याच्या हातात गेला. "भाभी, मला तीनला पोचायचंय. काय झालं?"

फरजानाच्या मनात एक क्षण आलं, काहीतरी ढिलं राहिलं असं सांगावं. ढिलं राहणं कुणाच्याही हातून होतं. नोमान तिच्याकडेच बघत होता.

"चुकीचे प्लग घातले मी," ती म्हणाली. "साध्या गाडीचे घातले. चूक माझी हाय. आजून धा किलोमीटर नेली तर इंजिन जाईल तुमचं. बंद करा, मी येऊन राह्यले."

मग गाडी बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

टर्बोचे प्लग दुकानात होते का, हेही तिला आठवेना. नोमाननं काठीनं वरच्या फळीचा कोपरा दाखवला. जुन्या क्लचप्लेटांच्या मागं तीन निळी खोकी होती, आजारी पडायच्या आधी त्यानंच आणून ठेवलेली. शेजारच्या सिमेंटच्या दुकानदाराची, काकासाहेबांची, पिकअप उभी होती. फरजाना पानेपेटी घेऊन पळाली. नोमान उठला, पाय ओढत आला आणि त्यानं पिकअपचं दार डाव्या हातानं घट्ट धरलं.

"नक्को," तो म्हणाला.

या वेळी ती थांबली. त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "काकासाहेब, यांनाबी घ्या," ती म्हणाली.

अंबडच्या पुढं एका बाभळीखाली गाडी उभी होती. धुळाजी पटका काढून सावलीला बसला होता. सुग्रीव रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता. फरजाना उतरताच तो म्हणाला, "भाभी, बोलायचं नंतर. आधी जल्दी बदला. दोन वाजून गेले."

तिनं बॉनेट उघडलं. आगीसारखी झळ तोंडावर आली. तिनं कॉइलला हात घातला, तेवढ्यात नोमाननं पुढं होऊन आपला पंजा इंजिनावर, थेट प्लगच्या जागेवर ठेवला. चटका बसला असणार, त्याचा ओठ वाकडा झाला. पण हात काढेना.

"नक्को."

"काय म्हणून राह्यले हे?" सुग्रीव ओरडला.

"इंजिन गरम हाय," फरजाना म्हणाली. "प्लग बसतो ते हेड अल्युमिनियमचं असतंय. गरम असताना प्लग फिरवला तर आटे प्लगसंगंच निघून येतात. मंग दुसऱ्या गाडीला बांधून, टोचण करून जालन्याला न्यावी लागंल."

"किती येळ?"

"अर्धा तास तरी."

सुग्रीवनं चाकावर लाथ मारली. मग फोन काढून कंपनीच्या माणसाला लावला. "साहेब, रस्त्यात आहे, येतोच," असं दोनदा म्हणाला, आणि पलीकडून काय आलं कोण जाणे, फोन खिशात टाकून तो दूर बांधावर जाऊन उभा राहिला. फरजानाला वाटलं, त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धुळाजीनं पाण्याची बाटली आणून नोमानच्या पंजावर पाणी ओतलं. "हात काढ आता, पावणा," तो म्हणाला. "म्या बघतो कुणी खोलतंय का." नोमाननं हात काढला. तळव्याला लालभडक वळ उठला होता.

तेवढ्या वेळात फरजानानं नवे प्लग तपासले. फट मोजायच्या गेजची पातळ पट्टी पहिल्या दोघांच्या फटीतून बरोबर सरकली. तिसऱ्याच्या फटीत ती सैल हलली. कधीतरी खोकं पडलं असणार. नोमाननं नुसती भुवई उचलली. तिनं बाहेरचा पाय दगडावर हलकेच टेकवून टेकवून फट आवळली, मधल्या नाजूक सुईला धक्का न लावता, पुन्हा पट्टी घातली. नोमाननं मान हलवली तेव्हाच तो बाजूला ठेवला.

इंजिन हात लावण्याजोगं झाल्यावर तिनं प्लग काढले. सकाळी घातलेले, चार तासही न झालेले. पहिल्याच्या टोकाची चिनीमाती जास्त तापून पांढरीफटक पडली होती. तिसऱ्याचीही. दुसऱ्याच्या टोकावर खसखशीएवढे राखाडी ठिपके चिकटले होते.

फरजानाला ते ठिपके कळले. अल्युमिनियम होतं ते. प्लगला अल्युमिनियम नसतं. पिस्टनला असतं.

तिनं नोमानकडे बघितलं. त्यानंही बघितलं होतं. सुग्रीव घड्याळ बघत मागं उभा होता. "झालं का?" तो म्हणाला.

"झालंच," ती म्हणाली, आणि दुसरं काहीच बोलली नाही. नोमाननं तो प्लग उचलून स्वतःच्या खिशात टाकला.

नव्या प्लगांवर गाडी चालू झाली. ठणठण नव्हती, पिवळी बत्तीही गेली. सुग्रीव निघाला तेव्हा तीन वाजत आले होते.

संध्याकाळी काकासाहेबांनी बातमी आणली. सुग्रीव पोचला तेव्हा कंपनीचा माणूस दुसऱ्या गाडीत बसून निघून गेला होता. काम त्या गाडीला मिळालं. "पुन्हा कधी लागली तर कळवू" असं फाटकावरच्या माणसानं सांगितलं होतं.

दोन दिवसांत फाट्यावरच्या हॉटेलात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली. फरजानापुढं कुणी काही बोललं नाही. फक्त साहेबराव म्हणून एक पोल्ट्रीवाला ऑइल बदलायला यायचा तो आला नाही, आणि एक जण प्लग घेताना म्हणाला, "नंबर जरा दोनदा बघा हां भाभी." तिनं दोनदाच काय, चारदा बघितला होता.

पण तिला खरं खात होतं ते वेगळंच होतं. नोमान रोज सकाळी दुकानात आला की तो ठिपक्यांचा प्लग काढायचा आणि गल्ल्यावर ठेवायचा. ती तो खणात टाकायची. दुसऱ्या दिवशी खणातून काढून तो पुन्हा गल्ल्यावर. तो रागवत नव्हता, काठी आपटत नव्हता, त्याचा तो शब्दही उच्चारत नव्हता. ठेवायचा आणि बसायचा.

"गाडी चल री ना उनकी?" ती चौथ्या दिवशी म्हणाली. "कुछ होता तो अब तक बोलते." नोमाननं प्लग तिच्याकडे सरकवला. "मैं फिर से जाके बोलूँ, कि और खराबी करी मैं? कितनी बार बोलूँ?"

सातव्या दिवशी तिनं दुपारीच शटर ओढलं, नोमानला रिक्षात बसवलं आणि धनगरवाडा गाठला.

गाडी अंगणात होती. आसराबाईनं, सुग्रीवच्या आईनं, दोघांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. सुग्रीवची बायको मनीषा दारात उभी राहून बघत होती. सुग्रीव बाहेर आला तो हात बांधूनच. फरजानानं रुमालातून प्लग काढून त्याच्यापुढं धरला, ठिपके दाखवले, काय आहे ते सांगितलं.

"त्या दिवशी दिसलं होतं मला," ती म्हणाली. "बोलले न्हाई. तुम्ही घाईत होता हे खरं, पर मी भ्याले हेबी खरं. गाडी चालवून बघू का?"

सुग्रीवनं गाडी चालू केली. फरजानानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ नोमानच्या कानाशी धरली. पहिला सिलिंडर. तिसरा. मग मधला. मधल्यावर नोमाननं डोळे मिटले. तिनं स्वतः ऐकलं. आत कुठंतरी बारीक टकटक होती, नखानं ताट वाजवल्यासारखी.

"मी जालन्यात दाखवली हाय," सुग्रीव म्हणाला. "तिथला मिस्त्री म्हणला, कायबी न्हाई, चालू द्या. आन तुम्ही घरी येऊन सांगून राह्यल्या की पिस्टन गेलं. आधी एक धंदा घालवला माझा. आता गाडी खोलून ठेवता का? तुमच्या जीवाला लागलंय म्हणून माझी गाडी फाडायची का?"

"मी फाडा म्हणत न्हाई. नुसती बघा म्हणते. प्लगच्या भोकातून क्यामेरा घालता येतो आत. राधेश्याम मिस्त्रीकडं हाय."

"न्हाई बघायचं मला," सुग्रीव म्हणाला आणि घरात गेला.

रिक्षा वाड्याबाहेर पडून परत निघाली. दोन्ही बाजूंना ऊस होता. फरजाना रस्त्याकडे बघत म्हणाली, "उस दिन सब के सामने मैं तुमको चुप बिठाई. तुम बराबर थे." नोमाननं चटका बसलेला हात तिच्या हाताजवळ सीटवर ठेवला. हातात हात घेतला नाही. एवढंच.

गुरुवारी सकाळी, शटर वर जातंय न जातंय तोच, सुग्रीवची गाडी दारात येऊन थांबली. धुळाजी पुढच्या सीटवर होता. त्यानंच पोराला आणलं की पोरानं त्याला, हे फरजानाला कळलं नाही, तिनं विचारलंही नाही. सुग्रीवनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मलाबी आता ती टकटक ऐकू येती. क्यामेरा मागवा. पर मी इथंच उभा राहणार."

राधेश्याम तासाभरानं आला. इंजिन गार होईपर्यंत सगळे थांबले. या वेळी कुणी घाई केली नाही. फरजानानं मधला प्लग काढला. राधेश्यामनं करंगळीहून बारीक तार भोकातून आत सोडली आणि मोबाइल सुग्रीवच्या हातात दिला. पडद्यावर आधी नुसता अंधार, मग दिव्याचा गोल उजेड, मग पिस्टनचं काळसर डोकं. राधेश्यामनं तार फिरवली. एका कडेला तुरीच्या दाण्याएवढा खड्डा होता. भोवतीचा धातू वितळून पुन्हा गोठला होता.

धुळाजीनं डोळे बारीक करून विचारलं, "ते कशाचं भोक हाय?"

"भोक न्हाई पडलं आजून," राधेश्याम म्हणाला. "पडलं असतं. एखाद्या लांबच्या फेरीत. रस्त्यात गाडी जागेवर बसली असती, मागून ट्रक असता तर वेगळंच."

सुग्रीव पडदा बघतच राहिला. मग त्यानं फरजानाकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग होता, पण तो आता सरळ तिच्यावर होता असं तिला वाटलं नाही. किंवा होताही. तिला ठरवता येईना.

"किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं.

"पिस्टन मिळालं तर आठ-धा दिवस," राधेश्याम म्हणाला. "मी हेड खोलतो. पर हिथं दुसरा हात लागंल."

"मी हाय," फरजाना म्हणाली. "पिस्टन माझ्याकडून. मजुरीबी."

सुग्रीव बाहेर रस्त्याच्या कडेला गेला, फोन लावला, आणि हायवेवरच्या गाड्यांच्या आवाजात मोठ्यानं बोलला, "मनीषा, जेवायला वाट बघू नका. हितं टाइम लागून राह्यलाय."

आत नोमाननं खुर्ची पुढं ओढली होती. फरजानानं पानेपेटी उघडली, बाह्या वर केल्या आणि राधेश्यामनं मागितलेला पहिला पाना त्याच्या हातात दिला.